वांपिराचं पोर

प्रिय इस्मेत,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल. ते माझं आहे. आजवरची पत्रं मी सांगायची आणि साक्षरतेच्या वर्गातल्या मास्तरणीनं लिहायची, तिची ती इस्त्री केल्यासारखी सरळ अक्षरं. ही माझी अक्षरं चिखलातून कोंबडी गेल्यासारखी दिसतात, पण दोन हिवाळे त्या बाकावर बसून, नातवंडांच्या वयाच्या पोरींचं हसणं ऐकून घेऊन मी ती शिकले. हे पत्र दुसऱ्या कुणाला सांगून लिहून घेता आलंच नसतं. तूही ते स्कोप्येच्या रेल्वे वर्कशॉपात चार जणांसमोर उघडू नकोस. खोलीवर जा, कडी लाव आणि एकट्यानं वाच. मध्येच फेकून द्यावंसं वाटेल. फेकू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

इकडं मिरच्या भाजून झाल्या. अक्रोड यंदा बेताचेच आलेत. तुझी भट्टी थंड आहे, भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलं, आता तो दुरुस्त होण्यातला नाही. शेजारचा काद्री रोज कुंपणावर कोपर टेकून तुझी चौकशी करतो. काल म्हणाला, "सनिये, तुझा पोरगा रेल्वेत गेला म्हणे. आता वांपिरांना इंजिनाखाली घालतो की काय?" एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. काल नुसती मान हलवली आणि घरात आले. त्याला ते खटकलं असणार, कारण संध्याकाळी त्याच्या बायकोनं उगाचच मीठ मागायला येऊन माझ्या घरात चारी कोपऱ्यांत नजर फिरवली. मी तिला दारातच मीठ दिलं.

तुझं उन्हाळ्यातलं पत्र मी मास्तरणीला दाखवलं नाही. स्वतः वाचलं. तीन दिवस लागले. तू लिहिलंस की वांपिर मारायला चाळीस गावं फिरलो, शर्ट काढून बाहीतून पाहिलं, शीळ घातली, हवेशी झटापट करून अंग मातीनं माखून घेतलं, बंदूक झाडली, आणि एकदाही काही दिसलं नाही. कुंपणं दिसली, शेणाचे ढीग दिसले, एकदा एक कुत्रं दिसलं. मेल्यावर थडग्यातून उठून येणाऱ्या वांपिराच्या पोराला त्याचा बाप दिसतो, बापासारखे बाकीचेही दिसतात, असं सगळी दुनिया म्हणते, मग मलाच का दिसू नये? आणि दिसत नसेल तर मी अर्धा मेलेला आहे की अख्खा लबाड, ते तरी सांग. पुढं दोन ओळींत लिहिलंस की तिथं तंबाखू निवडणारी एक मुलगी आहे, पण तिला नाही म्हणून सांगितलं, कारण आमच्या जातीचे तिशी बघत नाहीत, आणि बघितली तरी असलं रक्त पुढं कुणाला द्यायचं नाही. तिचं नावसुद्धा लिहिलं नाहीस.

त्याला उत्तर मी मास्तरणीकडून पाठवलं ते 'तब्येत सांभाळ, गरम जेव' एवढंच. ते वाचून तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. आता खरं उत्तर देते.

तुला जे ठाऊक आहे तिथूनच सुरू करते. रेजेपशी माझं लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. नाल ठोकताना घोड्यानं छातीवर लाथ मारली आणि दोन दिवसांत तो गेला. तेव्हा पहिला बर्फ पडायचा होता. मला मूल नव्हतं. माहेरी परत घेणारं कुणी नव्हतं. मी सासू झुल्फे आणि थोरले दीर बायराम यांच्या घरात राहिले. राहिले म्हणजे कशी, तर पाणी आण, भाता ओढ, राख काढ. त्या हिवाळ्यात माझं नाव घेणारं कुणी उरलं नाही. सासू 'सूनबाई' म्हणे, बायराम 'ए' म्हणे, गल्लीतल्या बायका माझ्या पाठीमागं 'रेजेपची रांड' म्हणत. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत बायरामनं अंगणात विहीर खणायला माणूस आणला. याशार त्याचं नाव. वरच्या खोऱ्यातला, आपल्याच लोकांतला. सहा आठवडे तो खाली होता आणि मी वर दोरावर होते, कारण बायरामला भट्टी सोडून दोर ओढायला वेळ नव्हता आणि दुसरा मजूर लावायचा नव्हता. खालून आवाज यायचा, "सनिये, दोर सैल सोड. सनिये, ओढ आता." दिवसातून शंभर वेळा. चार महिन्यांत माझं नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकत होते, आणि ते जमिनीच्या पोटातून यायचं. मी एकोणीस वर्षांची होते. पुढचं मी तुला, माझ्या मुलाला, लिहिणार नाही. तुला कळलं असेल.

मार्चअखेर पाणी लागलं. मे महिन्यातला हेर्देलेझचा सण झाला की मावशीला मागणी घालायला पाठवतो, असं सांगून याशार गेला. सण आला, सगळ्यांनी नदीवर अंघोळी केल्या, दारांना हिरव्या डहाळ्या लावल्या. मी रोज रस्त्याकडं तोंड करून डाळ निवडायची. मावशी आली नाही. त्याची आधीचीच बायको होती, हे मला फार उशिरा कळलं.

थांब. दारात कुणीतरी होतं. काद्रीची बायको परत आली, मीठ परत करायला. मीठ कोण परत करतं? मी पत्र पिठाच्या डब्यात टाकलं होतं, म्हणून या पानाला पीठ लागलंय.

हं. तर गव्हाची कापणी आली तेव्हा ओढणी कितीही सैल घेतली तरी झाकेना. त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या गावात एका विधवेला तिचे भाऊ नदीवर घेऊन गेले होते आणि संध्याकाळी भाऊच तेवढे परत आले होते. सगळ्यांना माहीत होतं. कुणी विचारलं नाही. मला रोज वाटायचं, आज बायराम 'चल जरा नदीवर' म्हणेल. भाकरी थापताना हात थांबायचे. एक दिवस सासूबाई परातीत कणीक मळत होत्या, मी समोर बसले होते. दार उघडं होतं, भट्टीपाशी बायराम होता. सासूबाईंनी माझ्या पोटाकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग एकदम मोठ्यानं, भट्टीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रेजेप कधीपासून येतोय तुझ्याकडं?"

मला वाटलं, म्हातारीला दुःखानं भ्रम झाला. त्यांनी पिठाळलेल्या हातानं माझं मनगट असं धरलं की हाड दुखलं, आणि मग बारक्या पोराला समजवावं तसं सावकाश म्हणाल्या, "माझा रेजेप. मेल्यावर. तो येतोय ना तुझ्याकडं? मार्चपासून ना?"

मी म्हणाले, "हो."

बाहेर हातोडा थांबला. इस्मेत, तू त्या एका 'हो'वर जन्मलास.

तुझ्या आजीनं मला मग सगळं पढवलं. कसा येतो, काय घालून येतो, भांडी कशी पालथी होतात, पीठ कसं सांडतं. शनिवारी येत नाही असं सांगायचं, कारण शनिवारी ते थडग्यातच असतात, हे विसरलीस तर पकडली जाशील. स्वतःच्या हातानं त्यांनी मडकी फोडली. रेजेपचा जुना सदरा माझ्या अंथरुणाखाली ठेवला. बायरामनं सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि एवढंच विचारलं की आधी का नाही सांगितलंस. त्यानं विश्वास ठेवला की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. मला वाटतं, त्यालाही मला नदीवर न्यायचं नव्हतं. कुणीतरी त्याला दुसरी वाट दाखवावी असं त्याला हवं होतं, आणि आईनं दाखवली.

पण त्या वाटेची किंमत होती आणि ती मी दिली नाही. वांपिर आहे असं एकदा म्हटलं की त्याचा बंदोबस्त करावा लागतो. शनिवारी भर दुपारी गल्लीतले पुरुष कबरस्तानात गेले. मुल्ला घरातून बाहेर आला नाही. बायकांनी जायचं नसतं, पण सासूबाई गेल्या, मला हाताला धरून घेऊन गेल्या, आणि कुंपणाशी उभ्या राहिल्या. पुरुषांनी रेजेपचं थडगं उघडलं. पांढऱ्या फुलांच्या काटेरी झाडाची खुंटी होती, टोक बायरामनंच तासलं होतं. कुणीतरी ओरडलं की रक्त ताजं आहे. मी खाली पाहत होते. सासूबाई खाली पाहत नव्हत्या. घण तीनदा पडला. त्यांची नखं माझ्या तळहातात रुतली होती, तो व्रण तू लहानपणी बोटानं चाचपायचास आणि मी 'विळा लागला' म्हणायची.

घरी येऊन त्यांनी हात धुतले, चूल पेटवली, पिटा केली, भोपळ्याचं सारण भरून. माझ्यासमोर ताट ठेवलं. मी ते बाजूला सरकवलं. तेव्हा म्हणाल्या, "त्याला दुखलं नाही. तू जेव." स्वतः मात्र जेवल्या नाहीत. त्यांचा पोटचा मुलगा होता तो. मी त्यांची कोण होते? दोन वर्षं भांडी घासलेली परकी पोर. पोटात दुसऱ्याचं मूल. का केलंत, असं मी त्यांना आयुष्यात एकदाही विचारलं नाही.

तू हिवाळ्यात जन्मलास. सुईणीनं आधी तुझे हातपाय दाबून पाहिले, हाडं आहेत की नुसता लगदा, मग तुला माझ्याकडं दिलं. वांपिराच्या पोरांना हाडं नसतात म्हणतात. पुढं गल्लीतली पोरं तेच करायची, दंड दाबायची आणि पळायची, नाहीतर उन्हात उभं करून तुझी सावली पडते का बघायची, आणि आजी खराटा घेऊन त्यांच्या मागं धावायची. तू सात वर्षांचा असताना तुतीवरून पडलास, तुला आठवेल. तुझा हात मोडला त्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला. कड्कन. तू किंचाळत होतास आणि मी तुला उचलायला धावताना मनात म्हणत होते, मोडलं, हाड मोडलं, सगळ्यांनी ऐकलं. मी खूश झाले होते, इस्मेत. तुला कवटाळून रडले ते खुशीनं. त्याची मला अजून लाज वाटते.

आज दुसरा दिवस. सकाळपासून तीनदा कागद काढला आणि तीनदा आत ठेवला. पावलं वाजली की मी आधी मागच्या खोलीची कडी बघते. का ते सांगते, पण आधी बाजाराचं सांगू दे, नाहीतर ते राहून जाईल.

तू बारा वर्षांचा होतास. आपण मोठ्या बाजारात विळे विकायला बसलो होतो. समोर एक माणूस मिरच्यांच्या गोण्या घेऊन आला, केस पिकलेले, बरोबर तीन मुली. मी आवाजावरून ओळखलं. त्यानं मला ओळखलं की नाही सांगता येत नाही, पण तो तुझ्याकडं पाहत राहिला. तू विळ्याला धार लावत होतास, आणि तुझे हात, लांब बोटं, अंगठा मागं वळलेला, सगळे त्याचेच. तो दोन पावलं जवळ आला. काहीतरी विचारणार होता. तेवढ्यात शेजारच्या विक्रेत्यानं त्याला सांगितलं की हे वांपिराचं पोर. तो मागं सरकला. तीनदा जमिनीवर थुंकला, मुलींना ओढून आपल्या पाठीशी घेतलं आणि गोण्या उचलून दुसऱ्या टोकाला गेला. घरी आल्यावर तू विळे खाली ठेवलेस. मग मला विचारलंस की तो माणूस थुंकला तेव्हा तू का हसलीस. मी हसले होते? असेन. तो याशार होता. तुझा बाप. युद्धाच्या पहिल्या वर्षी मेला असं ऐकलं. तापानं मेला, साध्या तापानं, आणि थडग्यात गप्प पडून आहे.

तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुला काही दिसलं नाही, कारण तू एका विहीर खणणाऱ्या माणसाचा आणि एका लोहाराच्या विधवेचा मुलगा आहेस. अख्खा जिवंत. तिशी बघशील, साठीही बघशील.

हे मी आधी का नाही सांगितलं? तू सोळा वर्षांचा झालास आणि डोंगरातल्या कुठल्याशा गावाची गुरं मरायला लागली. तिकडची माणसं तट्टू घेऊन तुला न्यायला आली. बायरामनंच तुला बाहीतून बघायला शिकवलं, कसं लोळायचं, कुठं गोळी झाडायची. ज्यानं मला नदीवर नेलं असतं, तोच आता पुढं चालायचा आणि लोकांना सांगायचा की आमच्या घरचा आहे, आमच्या रेजेपचा. पहिल्या वेळी परत आलास तेव्हा नवा सदरा होता, घेवड्याचं पोतं होतं, आणि तुझा चेहरा राखेसारखा. बायराम कॉफी पीत बसला होता. तू हळूच म्हणालास, "आई, मला काही दिसलं नाही." मी तोंड उघडलं होतं. बायरामनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, वयाबरोबर येतं ते. मी तोंड मिटलं. ज्या गल्लीत तुला कुणी हात लावत नव्हतं तिथं आता म्हातारे उठून तुला जागा देत होते. मला ते सुटेना. तुझ्यासाठी म्हणते, पण माझ्यासाठीही. वांपिराच्या पोराच्या आईला कुणी 'ए' म्हणत नाही.

आजी गेली तेव्हा तू माझ्याशी भांडलास, की तिला रेजेपच्या शेजारी का नाही पुरलं, जागा होती ना, सगळ्यांना सोडून त्या ओढ्याकडच्या टोकाला का. तिनंच मला वचन द्यायला लावलं होतं. म्हणाली होती, त्याच्या शेजारी नको, मी त्याला काय तोंड दाखवू. मी तुला तेव्हा म्हणाले की ओढ्याकडची माती मऊ असते. तू वर्षभर माझ्याशी धड बोलला नाहीस. मी ते सोसलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. आणि दोन वर्षांमागं बायराम गेला, तेव्हा तर घाबरायलाही कुणी उरलं नाही. तरी सांगितलं नाही. सवय झाली होती.

तू हे काम का सोडलंस ते मला माहीत आहे. बायरामनंतरच्या हिवाळ्यात त्या शेवटच्या गावात एका म्हातारीनं तुझा हात धरून विचारलं होतं की माझ्या मुलाला दुखलं का रे. तू घरी येऊन बंदूक भिंतीला टेकवलीस आणि आठ दिवसांत स्कोप्येची गाडी पकडलीस. जाताना म्हणालास, आता कुणासमोर असलं खोटं बोलणार नाही, मेलो तरी नाही. मला तू आवडलास त्या दिवशी. आजीला किती आवडला असतास.

आता मी का लिहिते आहे ते. मागच्या गुरुवारी माझ्या दारात एक पोरगी आली. नाझ्लिया नाव. नदीपलीकडच्या दोब्रोदोल गावातून पायी, नवऱ्याचा जाड कोट घालून, उन्हात. घामानं निथळत होती पण कोट काढेना. काढला तेव्हा कळलं. सहावा महिना. नवरा जानेवारीत, आठ महिन्यांमागं, खोकल्यानं गेला. कुणीतरी म्हातारीनं तिला सांगितलं होतं की वांपिराच्या पोराच्या आईकडं जा. ती माझ्या मागच्या खोलीत आहे, म्हणून मला पावलांची भीती वाटते. मी तिला कुणाचं ते विचारलं नाही. सोमवारी तिचा थोरला दीर आला, टोपी हातात घेऊन. ती इथंच आहे हे त्यानं ओळखलं होतं, पण आत शिरला नाही. तो वाईट माणूस नाही, तिथंच ओट्यावर बसून रडला. पण म्हणाला, "बाई, तुमच्या मुलाला बोलवा. आमचा भाऊ फिरतोय असं त्यानं सांगितलं, तर पोर आमचंच, आम्ही वाढवू. फिरत नाही म्हणाला, तर आम्हाला काय करायचं ते माहीत आहे." मिलिशियाचा पोलीस येईल, वहीत लिहून घेईल आणि जाईल, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. मास्तरणीला मी नाव न घेता विचारलं, ती म्हणाली अशा बाईला शहरात पाठवा. पण नाझ्लियाची तीन वर्षांची मुलगी त्या घरात आहे, आणि तिला सोडून ती हलणार नाही. पुढचा शनिवार ठरलाय. तेव्हा तू ये, आणि सगळ्यांसमोर सांग की तिचा नवरा तुला थडग्यात पडलेला दिसला. गोळी झाडली, संपलं, थडगं उघडायची गरज नाही, असं ठासून सांग. तुझा शब्द मोडायची तिथं कुणाची छाती नाही, आणि आजीला जे बघावं लागलं ते त्या घरातल्या म्हातारीला तरी बघावं लागणार नाही. त्या पोटातल्या पोराला पुढं काय काय ऐकावं लागेल, कोण कोण त्याचे दंड दाबून बघेल, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणून तू नाही म्हणालास तर मी तुला शब्दानं बोलणार नाही. अठ्ठावीस वर्षं तुझ्यापासून खरं दडवलं, आणि आता सांगितलं ते तू माझ्यासाठी एकदा खोटं बोलावंस म्हणून. असली आई आहे मी. तू आलास किंवा नाही आलास तरी शनिवारी मी तिच्याबरोबर दोब्रोदोलला जाणार आहे आणि तिचा हात सोडणार नाही. शुक्रवारच्या गाडीनं आलास तर आधी त्या तंबाखू निवडणाऱ्या मुलीला लग्नाचं विचारून ये, आणि तिचं नाव मला येऊन सांग.

तुझीच,
आई, सनिये